४८ व्होल्टची मोटार, १२ व्होल्टचे दिवे: नावेवर दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह जोडायचे की वेगळे ठेवायचे?

पाणकावळा
सर्वांना नमस्कार. मी नागपूरचा असून दर हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर पक्षी पाहायला जातो. इंजिनाचा आवाज कानी पडला की बदके दुरूनच उठतात, आणि वल्ह्यांनी जावे तर खिंडसीसारख्या मोठ्या तलावात उलट्या वाऱ्यापुढे दोघांचे हात भरून येतात. केरळात वैकमला २०१७ पासून चालणारी ‘आदित्य’ ही सौरबोट मी पाहून आलो आणि तेव्हापासून आवाज न करणारी नाव डोक्यातून गेली नाही. आता एक जुनी १८ फुटी फायबरची नाव घेतली आहे.

मोटारीसाठी १६ सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक आहे, म्हणजे ५१.२ व्होल्ट (बोलताना यालाच ‘४८ व्होल्ट’ म्हणतात) आणि १०० अँपिअर-तास. मोटार ५ किलोवॅटची आहे, त्यामुळे पूर्ण जोरावर साधारण १०० अँपिअर जातील. तळातले पाणी उपसण्याचा पंप, दिवे, पाण्याची खोली दाखवणारे यंत्र आणि मोबाईल यांच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी लेड-ॲसिड बॅटरी आहे. मोठ्या पॅकवरून ही छोटी बॅटरी भरायला एक कन्व्हर्टर घेणार आहे.

बर्डीतल्या एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने सांगितले की दोन्ही निगेटिव्ह एकत्र केल्याशिवाय अर्थिंग होत नाही. ई-रिक्षांचे काम करणाऱ्या दुसऱ्याने सांगितले की चुकूनही एकत्र करू नका, ४८ व्होल्ट १२ मध्ये शिरतील. दोघेही आपापल्या कामात पक्के आहेत. खरे काय आहे?

निवृत्त_वायरमन
भाऊ, आधी ‘अर्थिंग’ हा शब्द बाजूला ठेवा, कारण तुमचा सगळा गोंधळ त्या एका शब्दातून निघाला आहे. आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींना हेच नाव आहे. बॅटरीचा निगेटिव्ह, म्हणजे करंट परत येण्याचा रस्ता, ही पहिली. २३० व्होल्टच्या चार्जरची हिरवी तार, जी जमिनीत पुरलेल्या अर्थपर्यंत जाते आणि माणसाचा जीव वाचवते, ही दुसरी. नावेच्या पाण्यातल्या धातूच्या भागांना एकमेकांशी जोडणारी तार, जी गंजण्याशी संबंधित आहे, ही तिसरी. तुम्ही विचारता आहात ते पहिलीबद्दल, आणि बर्डीतल्या माणसाने उत्तर बहुधा दुसरीचे दिले आहे.

चाकी_पंप
मी ई-रिक्षाच दुरुस्त करतो, म्हणून आमच्या माणसाच्या बाजूने थोडे लिहितो. निगेटिव्ह एकत्र केल्याने ४८ व्होल्ट १२ मध्ये शिरत नाहीत. करंट वाहायला पूर्ण वर्तुळ लागते आणि एका तारेने वर्तुळ होत नाही. आमच्या रिक्षात तीन तारांचा कन्व्हर्टर असतो, त्यात निगेटिव्ह दोन्हीकडे एकच असतो, आणि दिवे व हॉर्न वर्षानुवर्षे चालतात. त्या मिस्त्रीने ‘वेगळे ठेवा’ म्हटले, त्यामागे एक खरा अनुभव असणार. लोक चार बॅटऱ्यांच्या मालिकेतल्या एकाच बॅटरीवरून दिव्यांसाठी १२ व्होल्ट काढतात. ती बॅटरी एकटी रिकामी होत जाते, चार्जरला मात्र चौघींची बेरीजच दिसते, म्हणून उरलेल्या तिघी जास्त भरून उकळू लागतात. शिवाय वरची बॅटरी निवडली असेल तर तिचा ‘निगेटिव्ह’ खऱ्या निगेटिव्हपासून ३६ व्होल्ट वर असतो, आणि त्याची तार बॉडीला लागली की ठिणगी ठरलेलीच. तुमची छोटी बॅटरी पूर्ण वेगळी आहे, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला नाही.

पाणकावळा
म्हणजे जोडले तरी चालते असे तुमचे म्हणणे आहे का?

चाकी_पंप
रिक्षात चालते. नावेबद्दल मी छातीठोकपणे सांगणार नाही. रिक्षात आम्ही सर्रास ‘बॉडीला अर्थ मारून दे’ म्हणतो, म्हणजे लोखंडी सांगाडाच परतीची तार होतो. पाण्यात असे करणे मला बरोबर वाटत नाही.

तांबडी_तार
माझ्या नावेवर जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातूनच मिळाले.

माझीही ४८ आणि १२ अशी दोन बॅटऱ्यांची रचना होती आणि दोन्ही निगेटिव्ह एका बसबारवर, म्हणजे तारा एकत्र आणणाऱ्या धातूच्या जाड पट्टीवर, घट्ट जोडलेले होते. मोटारीचा कंट्रोलर (तिचा वेग सांभाळणारे खोके) मागे, आणि वेग दाखवणारा छोटा पडदा पुढे, १२ व्होल्टवर चालणारा. कंट्रोलरपासून पडद्यापर्यंत पाच बारीक तारांची केबल, त्यातली काळी तार कंट्रोलरच्या आत मोठ्या निगेटिव्हलाच जोडलेली असते. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. एका सकाळी तलावाच्या मध्यावर पुढच्या खोक्यातून करपल्याचा वास आला. उघडून पाहिले तर ती काळी तार करपलेल्या शेवयांसारखी झाली होती, शेजारच्या चार तारांचे प्लास्टिकही वितळून एकमेकांत मिसळले होते, आणि आश्चर्य म्हणजे एकही फ्यूज गेला नव्हता.

कारण दुसऱ्या टोकाला सापडले. कंट्रोलरच्या मोठ्या निगेटिव्हचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा कान, सैल होता. तो कोणीतरी पकडीने चेपून बसवला होता आणि नट हाताने आवळल्यासारखा होता. त्या जागी रोध वाढला, तेव्हा मोटारीच्या करंटने परतीचा दुसरा रस्ता शोधला: कंट्रोलरमधून बारीक काळ्या तारेने पडद्यात, पडद्यातून १२ व्होल्टच्या निगेटिव्हमध्ये, तिथून सामायिक बसबारवर आणि बसबारवरून मोठ्या पॅकमध्ये. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेने मोटारीचा भार उचलायचा प्रयत्न केला. १२ व्होल्टचे सगळे फ्यूज पॉझिटिव्हमध्ये होते आणि हा करंट पॉझिटिव्हमधून गेलाच नाही, मग ते उडणार कसे?

म्हणून ‘जोडायचे की नाही’ हा प्रश्न मी आता असा विचारतो: मोठा करंट चुकून लहान तारेत शिरू शकेल असा एखादा रस्ता मी तयार करतो आहे का?

निवृत्त_वायरमन
हे वाचून अंगावर काटा आला. सैल लगचा हिशेब तरुण मुलांनी मनाशी करून ठेवावा. जोडावर फक्त ५ मिलिओहम रोध आला आणि १०० अँपिअर वाहिले, तर तिथे ५० वॅट उष्णता होते. ही २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत कोंडली जाते.

जलविहारी
त्या बारीक काळ्या तारेत एक छोटा फ्यूज टाकला असता तर भागले नसते का?

अभियंती
दादा, तो मोह होतो, पण तसे करू नये. काळ्या तारेतला फ्यूज उडाला की पडद्याचा आधार जातो आणि तोच करंट शेजारच्या संकेताच्या तारेतून, म्हणजे कंट्रोलरच्या नाजूक चिपमधून, वाट काढू पाहतो. उपाय मुळाशी करायला हवा. एक तर पडदा कंट्रोलरच्याच पुरवठ्यावर चालवावा आणि त्याला १२ व्होल्टचा स्पर्शच होऊ देऊ नये, किंवा मध्ये संकेत प्रकाशाने पलीकडे देणारा, विजेच्या दृष्टीने विलग असा दुवा घालावा.

मूळ प्रश्नावर माझे मत मात्र येथील बहुतेकांपेक्षा थोडे वेगळे आहे. दोन्ही निगेटिव्ह एकाच ठिकाणी, जाड केबलने, विचारपूर्वक जोडणे ही चूक नाही. कल्पना करा की कंपनाने घासून ४८ च्या पॉझिटिव्हचे आवरण निघाले आणि तो १२ च्या एखाद्या तारेला टेकला. निगेटिव्ह जोडलेले असतील तर वर्तुळ पूर्ण होते आणि फ्यूज लगेच उडतो. ते वेगळे असतील तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणे हाच धोका आहे, कारण आता तुमची सगळी १२ व्होल्टची यंत्रणा मोठ्या पॅकच्या दाबावर तरंगते आहे आणि ते कोणाला कळलेले नाही. दुसरा दोष झाला की मग मोठा अपघात होतो. म्हणून मोठ्या विद्युत नावांवर निगेटिव्ह तरंगता ठेवतात तेव्हा त्यासोबत इन्सुलेशनवर सतत लक्ष ठेवणारे यंत्रही बसवतात. लहान विद्युत नावांसाठी आयएसओ १६३१५ हे वेगळे मानकच आहे, ते मिळवून वाचावे अशी माझी शिफारस आहे.

तांबडी_तार
ताई, तुमचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे. पण तो फ्यूज उडण्याआधी ५० व्होल्ट माझ्या १२ व्होल्टच्या पंपात आणि यंत्रात शिरून ती जळणार ना? मी दोन्हींच्या तारा नावेच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेल्या, ४८ च्या तारांवर नारिंगी पाईप चढवला, आणि एकमेकींना टेकण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था केली.

अभियंती
यंत्र जळेल, हे खरे आहे. यंत्र जळणे आणि नाव पेटणे यांपैकी मी पहिले निवडीन. पण तारा वेगळ्या बाजूंनी नेण्याचा तुमचा उपाय दोन्ही पद्धतींत करायलाच हवा, त्याबद्दल आपले एकमत आहे.

दर्या_रत्नागिरी
मी समुद्रकाठचा माणूस, तुमच्या तलावाची मला माहिती नाही, पण गंजण्याबद्दल लिहितो. आमच्या एका नावेचा शाफ्ट काही आठवड्यांत खड्डे पडून गेला. सगळ्यांनी खाऱ्या पाण्याला दोष दिला. शेवटी सापडले ते असे की पंपाच्या पॉझिटिव्ह तारेचा सांधा तळातल्या पाण्यात बुडत होता आणि त्यावर नुसती चिकटपट्टी होती. तिथून गळणारा करंट पाण्यातून शाफ्टमध्ये आणि शाफ्टमधून बाहेर जात होता. दोन धातूंमुळे होणारा गंज हळू चालतो, असा गळका करंट मात्र पाहता पाहता धातू खातो. पाणकावळा भाऊ, तुमच्या पंपाचा सांधा पाण्याच्या पातळीच्या वर घ्या आणि त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

आणि मोटारीच्या पायावरचा बळीचा धातू, म्हणजे मोटारीऐवजी स्वतः गंजणारा तुकडा, तपासा. समुद्रात आम्ही जस्त वापरतो, पण गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम थांबवते. तलावासाठी मॅग्नेशियम घ्या.

पाणकावळा
ही माहिती मला अजिबात नव्हती. माझ्या मोटारीसोबत जस्ताचाच तुकडा आला आहे, तो बदलतो. पण मग तिसऱ्या प्रकारची तार, म्हणजे धातूचे सगळे भाग जोडण्याची, मला लागेल का?

अभियंती
तुमची नाव फायबरची आहे आणि पाण्यात मोटारीच्या पायाखेरीज धातू जवळपास नाही, त्यामुळे गरज नाही. ॲल्युमिनियमची नाव असती तर मी फार सावध राहिले असते. तिथे नावेच्या अंगातून कोणत्याही यंत्राचा करंट परत येता कामा नये, प्रत्येक यंत्राला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन तारा हव्यात, आणि धडाला निगेटिव्ह जोडायचाच असेल तर तो फक्त एका ठिकाणी.

सौर_शेतकरी
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. छोट्या बॅटरीसाठी छतावर सौर पॅनेल लावणार असाल, तर चार्ज कंट्रोलर पाहून घ्या. स्वस्तातल्या अनेक पीडब्ल्यूएम (स्विच झपाट्याने चालू-बंद करून चार्जिंग आवरणाऱ्या) कंट्रोलरमध्ये पॅनेल आणि बॅटरी यांचा पॉझिटिव्ह सामायिक असतो आणि आतला स्विच निगेटिव्हमध्ये असतो. माझ्या शेतातल्या खोलीवर मी सवयीने सगळे निगेटिव्ह एका पट्टीवर आणले, त्यात पॅनेलचाही आला, आणि कंट्रोलरचा स्विच बाजूलाच पडला. पॅनेल थेट बॅटरीला जोडल्यासारखे झाले. बॅटरीचे पाणी आटलेले दिसले तेव्हा कुठे कळले.

बॅटरीवाला_इतवारी
फ्यूजबद्दल बोलू या. लिथियमचा पॅक लेड-ॲसिडपेक्षा कितीतरी निर्दयपणे करंट सोडतो. सोळा सेल, सांधे आणि केबल मिळून १० मिलिओहम धरले, तरी शॉर्ट झाल्यावर ५००० अँपिअर होतात. बॅटरीच्या टोकावर बसणारा जो छोटा चौकोनी फ्यूज नावांसाठी विकतात, तो १४ व्होल्टला १०,००० अँपिअर तोडू शकतो, पण ५८ व्होल्टला फक्त २००० अँपिअर. म्हणजे मोठ्या शॉर्टला तो वितळेल, पण आतली ठिणगी विझेलच असे नाही. ४८ च्या पॅकला क्लास-टी फ्यूज घ्या, त्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअर असते. अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेच्या नियमाप्रमाणे तो बॅटरीपासून ७ इंचांच्या आत हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या तारेला कोणीच वाचवत नाही.

घरातला एसी एमसीबी मात्र कृपया लावू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशीच धगधगत राहते.

जलविहारी
केबल किती जाडीची घ्यावी?

बॅटरीवाला_इतवारी
बॅटरी ते कंट्रोलर अंतर ४ मीटर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात १०० अँपिअरला सुमारे ०.५६ व्होल्ट पडतात, ३५ मध्ये ०.४. दोन्ही चालतील, पण आपल्याकडचा उन्हाळा पाहता मी ३५ घेईन, आणि तांबे कथिलाचा मुलामा दिलेले घेईन.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो, आणि तळपत्या उन्हात नावेच्या बंद पेटीत त्याहून बराच जास्त. अनेक लिथियम सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची कमाल मर्यादाच ४५ अंश असते. दुपारी तलावावरून येऊन लगेच चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी पेटी उघडी ठेवून गार होऊ द्या आणि पहाटे लावा.

निवृत्त_वायरमन
चार्जिंगवरच मी अडून बसणार आहे, कारण माणूस मरतो तो तिथे, ४८ व्होल्टवर नाही. काठावरून २३० व्होल्ट नावेत न्यायचे असतील तर ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारे स्विच) काठावरच्या पेटीत हवे, आणि हिरवी तार खऱ्या अर्थला जोडलेली हवी, नुसती प्लगपर्यंत आलेली नको. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा वाईट वाहक आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. खाऱ्या पाण्यात गळका करंट पाण्यातूनच पसरतो. गोड्या पाण्यात पोहणाऱ्याचे शरीर पाण्यापेक्षा चांगले वाहक असते, म्हणून करंट त्याच्यातून जातो. स्नायू आखडतात आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. खिंडसीकाठी मुले पाण्यात उतरतात. शक्य असेल तर पॅक उचलून काठावर आणूनच चार्ज करा.

पाणकावळा
काका, पॅक ४५ किलोंच्या वर आहे, पण दोन बाजूंना मुठी लावून घेतो. दोघे मिळून उचलू. नाव पाण्यात असताना २३० व्होल्ट तिच्यात नेणार नाही, हे ठरवले.

चाकी_पंप
छोटी बॅटरी काढून सगळे कन्व्हर्टरवरच चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पॅकच्या बीएमएसने, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटने, संरक्षणासाठी पुरवठा तोडला, तर मोटारीबरोबर पंप आणि दिवेही बंद पडतील. अंधारात, पाणी शिरत असताना, पंप हवाच.

पाणकावळा (तीन आठवड्यांनंतर)
सर्वांचे मनापासून आभार. काम झाले, ते सांगतो.

दोन्ही यंत्रणा वेगळ्या ठेवल्या. ताईंचा मुद्दा मला पटला होता, पण माझ्याकडे इन्सुलेशन तपासणारे यंत्र नाही आणि १२ ची सगळी यंत्रे नवी आहेत. म्हणून तारा दोन वेगळ्या बाजूंनी नेल्या, पडदा कंट्रोलरच्या पुरवठ्यावर घेतला, आणि कन्व्हर्टर विलग प्रकारचा, म्हणजे ४८ आणि १२ च्या बाजू आतून तारेने न जोडलेला, आणला. दुकानदार चार तारांचा म्हणजे विलगच असे म्हणत होता, पण मी टेबलावर काहीही न जोडता दोन्ही निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर धरला, तर पहिल्या नगात ‘बीप’ वाजले. तो परत केला. दुसऱ्यात वाजले नाही.

एक शंका मात्र राहिली आहे. सगळे जोडल्यावर ४८ च्या निगेटिव्ह आणि १२ च्या निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर ७.३ व्होल्ट दाखवतो आणि आकडा हलत राहतो. कुठे गळती आहे का?

अभियंती
मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहमच्या घरात असतो, त्यामुळे कन्व्हर्टरच्या आतल्या लहानशा कपॅसिटरमधून येणारा नगण्य करंटही त्याला व्होल्टेज म्हणून दिसतो. त्याच दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरा आणि पुन्हा मोजा. आकडा शून्याजवळ कोसळला तर तो आभास होता. तसाच राहिला तर खरी गळती आहे, मग शोध घ्यावा लागेल. हेच १२ च्या पॉझिटिव्हकडूनही करून पाहा.

पाणकावळा
केले. दोन्हीकडून ०.०१ च्या आत आला. फार मोठे ओझे उतरले.

निवृत्त_वायरमन
आता वायरिंगचा नकाशा कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये घालून, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. दुरुस्तीच्या दिवशी तुम्ही नावेवर असालच असे नाही. आणि अर्धा तास पूर्ण जोरावर चालवून, मोटार बंद करून, पॅक तोडून, प्रत्येक लगला हाताचा पाठचा भाग लावून पाहा.

पाणकावळा
नकाशा लावला. काल पहाटे खिंडसीवर अर्धा तास चालवली. बाकी सगळे लग कोमट होते, पण कंट्रोलरच्या निगेटिव्हचा लग हात मागे घ्यावा इतका तापला होता. तांबडी_तार भाऊंच्या हकीकतीतली जागा तीच. नट घट्ट आहे, म्हणजे केबलवर लगची दाबणीच (क्रिम्पिंग) नीट झालेली नसणार. पडदा १२ पासून वेगळा असल्यामुळे दुसरीकडे काही तापले नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंगचे यंत्र भाड्याने मिळाले आहे, उद्या तो लग कापून नवा बसवतो.

निवृत्त_वायरमन
कापताना केबल दोन इंच जास्त कापा. उष्णतेने काळे पडलेले तांबे पुन्हा लगमध्ये घेऊ नका.